केसाहून बारीक वाटा : ऑगस्ट क्रोग

प्रास्ताविक

जिन्याचे दोन-तीन मजले भराभर चढून गेलो, की आपल्याला धाप लागते. छाती धडधडू लागते, चेहरा तापतो, कपाळावर घाम येतो. शेतात कुदळ चालवणाऱ्याला, पाठीवर पोती वाहणाऱ्याला, सायकलवरून चढ चढणाऱ्याला हा अनुभव रोजचाच आहे. थोडा वेळ बसलो, की श्वास पूर्ववत होतो आणि आपण ती गोष्ट विसरूनही जातो. परंतु या साध्या धापेच्या मागे शरीराची केवढी मोठी धावपळ दडलेली असते! श्रम करणाऱ्या स्नायूला अधिक प्राणवायू हवा असतो. तो हवेतून फुप्फुसात, फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून स्नायूच्या कणाकणापर्यंत पोहोचवावा लागतो. ही वाहतूक कशी होते, तिचे नियमन कोण करते आणि गरज वाढताच पुरवठा कसा वाढतो, या प्रश्नांच्या शोधात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या ऑगस्ट क्रोग या डॅनिश शास्त्रज्ञाचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत. शोध घेताना त्यांना एका अवघड प्रसंगाला सामोरे जावे लागले. आपल्या आदरणीय गुरूचे मत आणि आपल्या प्रयोगाचे उत्तर यांत विरोध आला, तर काय करावे, हा तो प्रसंग होय.

१. जहाजे बांधणाऱ्याचा मुलगा

डेन्मार्कच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रेनो नावाचे एक लहान बंदर आहे. तेथे १५ नोव्हेंबर १८७४ रोजी ऑगस्ट क्रोग यांचा जन्म झाला. त्यांचे वडील जहाजबांधणीचा व्यवसाय करीत. समुद्र, जहाजे आणि हत्यारे यांच्या सहवासात ऑगस्ट यांचे बालपण गेले. लहानपणापासून त्यांना दोन गोष्टींचे वेड होते. एक म्हणजे कीटकांचे व पाण्यातल्या जिवांचे निरीक्षण करणे आणि दुसरे म्हणजे स्वतःच्या हाताने उपकरणे तयार करून प्रयोग करणे. काही काळ आरमारात जाण्याचा विचारही त्यांच्या मनात होता. पण निसर्गाची ओढ अधिक बलवत्तर ठरली.

विल्यम सोरेन्सन नावाच्या एका प्राणिशास्त्रज्ञाशी त्यांचा स्नेह जुळला होता. केवळ प्राण्यांची वर्णने करून थांबू नकोस, प्राण्यांच्या शरीराचे कार्य कसे चालते तेही शिकून घे, असा सल्ला या वडीलधाऱ्या मित्राने त्यांना दिला. १८९३ साली क्रोग यांनी कोपनहेगन विद्यापीठात प्रवेश घेतला. आरंभी ते वैद्यकाकडे वळले होते. पण लवकरच त्यांनी प्राणिशास्त्र हा विषय पक्का केला.

विद्यार्थिदशेतच त्यांनी एका पारदर्शक पाणकीटकाच्या अळीचा अभ्यास केला. या अळीच्या अंगात हवेच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यांच्या साहाय्याने ती पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहते. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या त्या पिशवीतील वायूचे पृथक्करण करण्याची युक्ती क्रोग यांनी शोधून काढली. इवल्याशा बुडबुड्याला बोलते करण्याची ही कला पुढे त्यांच्या जीवनातील एका मोठ्या वादात निर्णायक ठरणार होती.

२. गुरूच्या प्रयोगशाळेत

१८९७ साली क्रोग हे ख्रिश्चन बोर यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. बोर हे त्या काळातील श्वसनक्रियेचे नामांकित अभ्यासक होते. अणूच्या रचनेविषयीच्या संशोधनाने पुढे जगप्रसिद्ध झालेले नील्स बोर हे त्यांचेच पुत्र. ख्रिश्चन बोर यांच्यापाशी क्रोग यांना मापनाची शिस्त लागली. वायूंचे प्रमाण अत्यंत काटेकोरपणे कसे मोजावे आणि आकड्यांवरून निष्कर्ष कसा काढावा, हे त्यांनी तेथेच आत्मसात केले. बेडूक फुप्फुसाने आणि त्वचेने असा दोन्हींनी श्वास घेतो. त्याच्या शरीरातील कार्बन डाय-ऑक्साइड मुख्यतः त्वचेवाटे बाहेर पडतो, हे दाखवून देणारा प्रबंध लिहून १९०३ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

१९०४ साली बोर, हॅसलबाल्ख आणि क्रोग या तिघांनी मिळून एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड वाढला, की रक्त आपल्याजवळचा प्राणवायू अधिक सहजपणे सोडून देते, असे त्यांना आढळले. श्रम करणाऱ्याच्या दृष्टीने हा शोध फार मोलाचा आहे. जो स्नायू अधिक काम करतो, तोच अधिक कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण करतो आणि म्हणून त्याच स्नायूपाशी रक्त आपली मूठ अधिक सैल सोडते. जेथे गरज, तेथे दान, अशी ही निसर्गाची व्यवस्था आहे.

१९०५ साली क्रोग यांचा विवाह मारी योर्गेन्सन यांच्याशी झाला. मारी त्या वेळी वैद्यकाच्या विद्यार्थिनी होत्या. पुढे त्या डॉक्टर झाल्या. त्यांनी रुग्णसेवा केली, चार मुलांचा संसार सांभाळला आणि स्वतंत्र संशोधनही केले. १९०८ साली हे दांपत्य ग्रीनलंडच्या बर्फाळ प्रदेशात गेले. मुख्यतः मांसाहारावर जगणाऱ्या इनुइट लोकांच्या शरीरात अन्नाचे काय होते, याचा त्यांनी तेथे अभ्यास केला. पतीच्या प्रयोगातील मदतनीस एवढेच मारी यांचे स्थान नव्हते. क्रोग यांच्या बरोबरीने त्या विज्ञानाच्या वाटेवर चालत होत्या.

३. बुडबुड्याची साक्ष

हवेतील प्राणवायू फुप्फुसातून रक्तात जातो, हे सर्वांना मान्य होते. पण तो कसा जातो, याविषयी शास्त्रज्ञांत दोन तट पडले होते. ख्रिश्चन बोर यांचे मत असे, की फुप्फुस हे एखाद्या ग्रंथीप्रमाणे कार्य करते. ग्रंथी ज्याप्रमाणे आपला रस बाहेर टाकते, त्याप्रमाणे फुप्फुसाच्या पेशी शक्ती खर्च करून प्राणवायू रक्तात ढकलतात. दुसरे मत असे होते, की येथे ढकलण्याचे काही कारणच नाही. अत्तराची कुपी उघडली, की सुगंध जसा दाटीकडून विरळ भागाकडे आपोआप पसरतो, तसाच प्राणवायूही अधिक दाबाच्या हवेतून कमी दाबाच्या रक्ताकडे आपोआप सरकतो. यालाच विसरण असे म्हणतात.

आरंभी क्रोग हेही आपल्या गुरूंच्या मताचे होते. पण मत आणि पुरावा यांत फरक असतो, हे ते जाणत होते. प्रश्नाचा निकाल लावण्याचा एकच मार्ग होता. फुप्फुसातील हवेत प्राणवायूचा दाब किती आहे आणि धमनीतील रक्तात तो किती आहे, हे एकाच वेळी मोजणे. रक्तातील दाब हवेतील दाबापेक्षा जास्त आढळला, तर फुप्फुस प्राणवायू ढकलते असे म्हणावे लागेल. तो नेहमी कमीच आढळला, तर विसरण पुरेसे आहे असे ठरेल.

हे मोजमाप अतिशय नाजूक होते. येथे क्रोग यांचे जुने कौशल्य कामी आले. त्यांनी एक लहानसे उपकरण बनवले. त्यात प्रयोगप्राण्याच्या धमनीतील रक्त हवेच्या एका चिमुकल्या बुडबुड्याभोवती वाहत राहत असे. थोड्याच वेळात बुडबुड्यातील वायू आणि रक्तातील वायू यांचा दाब समान होई. मग तो बुडबुडा बारीक नळीत ओढून त्याचे पृथक्करण करता येई. ऑगस्ट आणि मारी यांनी मिळून असे कितीतरी प्रयोग केले. प्रत्येक वेळी उत्तर एकच आले. धमनीतील रक्तात प्राणवायूचा दाब फुप्फुसातील हवेपेक्षा कमीच होता. गुरूंचा सिद्धांत या पुराव्यापुढे टिकत नव्हता.

आता मोठाच पेच उभा राहिला. ज्यांनी हाताला धरून मोजायला शिकवले, त्यांच्याच मताविरुद्ध ही मोजमापे जात होती. गप्प राहावे, तर सत्याशी प्रतारणा होणार होती आणि बोलावे, तर गुरूंचे मन दुखावणार होते. क्रोग यांनी घाई केली नाही. पुन्हा पुन्हा पडताळा घेऊन १९१० साली त्यांनी सात लहान शोधनिबंध एकत्र प्रसिद्ध केले. त्यांतील काही निबंधांवर मारी यांचेही नाव होते. मित्रमंडळींत हे निबंध सात छोटी भुते म्हणून ओळखले जात. त्यांत गुरूंविषयी कृतज्ञता होती; निष्कर्षात मात्र कोठेही नरमाई नव्हती. प्राणवायू रक्तात शिरण्यासाठी विसरण पुरेसे आहे, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. पुढच्याच वर्षी, १९११ साली, बोर यांचे निधन झाले.

वाद तेवढ्यावर मिटला नाही. इंग्लंडमधील काही थोर शास्त्रज्ञ पुढेही अनेक वर्षे जुन्या मताला चिकटून होते. १९२० साली केंब्रिज येथील जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी विरळ प्राणवायूच्या काचेच्या खोलीत सहा दिवस राहून स्वतःच्याच रक्ताची परीक्षा केली. त्यांचेही उत्तर क्रोग यांच्या बाजूचेच आले. दरम्यान मारी क्रोग यांनी माणसाच्या फुप्फुसातून वायू किती वेगाने पार होऊ शकतात, हे मोजण्याची पद्धत विकसित केली. कठोर श्रमाच्या वेळी लागणारा प्राणवायूदेखील निव्वळ विसरणाने मिळू शकतो, हे त्यांच्या कामामुळे स्पष्ट झाले. या संशोधनासाठी १९१४ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. फुप्फुसांच्या आजारात आज जी तपासणी केली जाते, तिच्यातील एका पद्धतीचे मूळ मारी यांच्या या कामात आहे.

४. सायकल, श्वास आणि हृदय

फुप्फुसाचा प्रश्न सुटताच क्रोग यांचे लक्ष श्रम करणाऱ्या शरीराकडे वळले. या कामात त्यांना योहानेस लिंडहार्ड हे उत्तम सहकारी लाभले. लिंडहार्ड हे डॉक्टर होते आणि विद्यापीठात व्यायामाचे शास्त्र शिकवीत. किती श्रम केले, हे नेमके सांगता आल्याशिवाय श्रमाचा अभ्यास होऊ शकत नाही. म्हणून क्रोग यांनी एकाच जागी स्थिर राहणारी सायकल तयार केली. तिच्या चाकाला विद्युत्चुंबकाच्या साहाय्याने अडथळा करता येई आणि तो हवा तेवढा कमी-जास्तही करता येई. आज व्यायामशाळेत आणि रुग्णालयात हृदयाच्या तपासणीसाठी जी स्थिर सायकल वापरतात, तिच्या पूर्वजांमध्ये या सायकलीची गणना होते.

हृदय एका मिनिटात किती रक्त पुढे ढकलते, हे जिवंत माणसात मोजणे त्या काळी फार अवघड होते. त्यासाठी या दोघांनी एक सुंदर युक्ती योजली. नायट्रस ऑक्साइड हा वायू रक्तात विरघळतो. हा वायू मिसळलेली हवा माणसाला काही क्षण श्वासावाटे द्यायची आणि फुप्फुसातून त्यातला किती वायू नाहीसा झाला, ते मोजायचे. जेवढे जास्त रक्त फुप्फुसातून वाहून गेले असेल, तेवढा जास्त वायू नाहीसा झालेला आढळेल. या रीतीने शरीरावर शस्त्र न चालवता हृदयाच्या कामाचा अंदाज करता येऊ लागला.

या प्रयोगांतून आणि त्यानंतर झालेल्या संशोधनातून जे चित्र उभे राहिले, ते थक्क करणारे आहे. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याचे हृदय मिनिटाला साधारण ७० वेळा ठोके देते आणि सुमारे ५ लिटर रक्त पुढे पाठवते. कठोर श्रमाच्या वेळी हेच रक्त २० ते २५ लिटरपर्यंत वाढते. कसलेल्या धावपटूमध्ये ते त्याहूनही अधिक असते. विश्रांतीत मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर होते. जोरकस व्यायामात ती १०० लिटरच्याही वर जाते. विश्रांतीत एकूण रक्तापैकी जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंकडे जातो. कठोर श्रमात मात्र पाचांतले चार हिस्से स्नायूंकडे वळवले जातात. त्या वेळी पोट, आतडी आणि मूत्रपिंडे यांच्याकडे जाणारे रक्त कमी होते.

हृदय कितीही बलवान असले, तरी जे रक्त त्याच्याकडे परत येते, तेवढेच ते पुढे पाठवू शकते, या गोष्टीकडेही क्रोग यांनी लक्ष वेधले. चालताना आणि धावताना आकुंचन पावणारे स्नायू शिरांना दाबतात आणि शिरांमधील झडपांमुळे रक्त मागे न फिरता हृदयाकडेच ढकलले जाते. जणू पायांचे स्नायू हे हृदयाचे मदतनीसच आहेत. धावून आल्यावर एकदम स्तब्ध उभे राहिले, तर कधीकधी भोवळ येते. त्याचे एक कारण हेच, की हे मदतनीस अचानक काम थांबवतात. म्हणून व्यायाम संपवताना हळूहळू थांबावे, असे सांगितले जाते.

१९१३ साली क्रोग आणि लिंडहार्ड यांनी आणखी एक नवल नोंदवले. श्रम सुरू होताच, अगदी पहिल्या श्वासापासूनच, श्वसन वाढते आणि नाडीही जलद होते. स्नायूत तयार झालेला कार्बन डाय-ऑक्साइड रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचण्यास काही वेळ लागतो. मग त्याच्याही आधी श्वसनाला आणि हृदयाला वर्दी कोण देतो? त्यांनी असा विचार मांडला, की मेंदू स्नायूला हालचालीची आज्ञा देतो, तेव्हाच श्वास आणि हृदय यांच्या केंद्रांनाही इशारा मिळतो. हलणाऱ्या हातापायांकडूनही असा संदेश मेंदूकडे जातो, हे पुढील संशोधनात दिसून आले. पाहुणे दारात येण्यापूर्वीच घरात चुलीवर आधण ठेवावे, तशी ही शरीराची पूर्वतयारी असते.

५. केशवाहिन्यांचे कोडे

रक्त शरीरात फिरत राहते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ साली सिद्ध केले होते. धमन्यांतले रक्त शिरांमध्ये कोठून जाते, हे मात्र त्यांना पाहता आले नव्हते. १६६१ साली मार्चेल्लो माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसातील अतिशय बारीक वाहिन्या पाहिल्या आणि तो दुवा जुळला. याच केशवाहिन्या. केसासारख्या म्हणून त्यांना हे नाव मिळाले असले, तरी त्या केसाहून कितीतरी बारीक, साधारण केसाच्या जाडीच्या एक दशांश असतात. रक्तातील तांबड्या पेशीला त्यांतून जेमतेम वाट मिळते. प्राणवायूची खरी देवाणघेवाण होते, ती याच अरुंद वाटांवर. हृदय आणि मोठ्या धमन्या यांचा सारा खटाटोप अखेर या वाटांसाठीच असतो.

क्रोग यांच्यापुढे एक कोडे होते. श्रमाच्या वेळी स्नायूला लागणारा प्राणवायू विश्रांतीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. रक्ताचा वेग वाढल्याने एवढी मोठी गरज भागू शकेल काय? त्यांना वाटले, की प्राणवायूला रक्तापासून स्नायूच्या पेशीपर्यंत जे अंतर कापावे लागते, तेच कमी झाले तर पुरवठा सुलभ होईल. अंतर कमी होण्यासाठी अधिक केशवाहिन्या उघडल्या पाहिजेत. म्हणजे विश्रांतीत बहुतेक केशवाहिन्या मिटलेल्या असाव्यात आणि श्रमात त्या उघडत असाव्यात.

हा तर्क तपासण्यासाठी त्यांनी बेडूक आणि गिनीपिग यांच्या रक्तात काळी शाई सोडली. ज्या केशवाहिन्यांतून रक्त वाहत असेल, त्यांच्यातच शाई दिसणार होती. मग स्नायूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी काळे ठिपके मोजले. स्वस्थ स्नायूत असे ठिपके अगदी विरळ होते. काम केलेल्या स्नायूत मात्र ते कितीतरी पटींनी वाढलेले होते. गिनीपिगच्या काम केलेल्या स्नायूत एका चौरस मिलिमीटरमध्ये अडीच हजारांच्या आसपास वाटा उघडलेल्या त्यांना दिसल्या.

प्राणवायू केशवाहिनीपासून सभोवतालच्या स्नायूत किती अंतर जाऊ शकेल, याचे गणित मांडण्यासाठी त्यांनी ए. के. एर्लांग या गणितज्ञाची मदत घेतली. एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीस होते. किती ग्राहकांसाठी किती तारा जोडाव्यात, याचे हिशेब ते करीत. ज्या माणसाने शहरातल्या तारांचा हिशेब केला, त्यानेच स्नायूतल्या वाहिन्यांचे समीकरण सोडवावे, हा एक सुरेख योगायोग होता. हे समीकरण आजही त्या दोघांच्या नावाने ओळखले जाते. १९१९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि केशवाहिन्यांच्या नियमनाच्या शोधाबद्दल १९२० सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक क्रोग यांना देण्यात आले.

६. टोरांटोची वाट

१९२२ साली व्याख्यानांसाठी क्रोग यांना अमेरिकेतील येल विद्यापीठाचे निमंत्रण आले. मारी त्यांच्यासोबत गेल्या. त्या सुमारास मारी यांना मधुमेह जडला होता. त्या स्वतः डॉक्टर असल्याने या रोगाचे गांभीर्य त्यांना पुरते ठाऊक होते. अमेरिकेत असताना त्यांच्या कानावर एक बातमी आली. कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिन नावाचे द्रव्य शोधले गेले असून त्यामुळे मधुमेही रुग्णांना जीवदान मिळत आहे. तेथे जाऊन चौकशी करावी, असा आग्रह मारी यांनी धरला. नोव्हेंबर १९२२ मध्ये क्रोग टोरांटोला गेले. तेथील प्राध्यापक मॅक्लाऊड यांना भेटून त्यांनी सर्व प्रक्रिया समजून घेतली आणि स्कँडिनेव्हियात इन्सुलिन तयार करण्याची अनुमती मिळवली.

डेन्मार्कला परतताच हान्स ख्रिश्चन हागेडॉर्न या डॉक्टरांच्या सहकार्याने त्यांनी काम सुरू केले. डिसेंबर १९२२ मध्येच प्राण्यांच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन काढण्यात यश आले आणि १९२३ साली डॅनिश रुग्णांवर उपचारही सुरू झाले. औषध तयार करणाऱ्या संस्थेचा नफा संशोधनाकडे वळवण्याची तजवीज क्रोग यांनी केली. त्यांनी उभारलेली नॉर्डिस्क ही संस्था १९८९ साली नोव्हो या कंपनीत विलीन झाली. मारी यांना या औषधाचा लाभ झाला आणि त्यांना पुढे वीस वर्षांचे आयुष्य मिळाले. एका जागरूक स्त्रीच्या आग्रहामुळे असंख्य घरांतील दिवे विझता विझता राहिले, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

७. अखेरची वर्षे

१९२८ साली रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने कोपनहेगनमध्ये शरीरक्रियाशास्त्राची नवी संस्था उभी राहिली. एकाच छताखाली क्रोग यांचे प्राणिशास्त्र आणि लिंडहार्ड यांचे व्यायामशास्त्र नांदू लागले. तेथे तयार झालेल्या तरुण संशोधकांनी व्यायामाचे शास्त्र पुढे इतर देशांत नेले. १९३०च्या दशकात नील्स बोर, गेओर्ग हेवेशी आणि क्रोग यांनी मिळून किरणोत्सारी द्रव्यांचा उपयोग जीवशास्त्रात करण्याचे काम हाती घेतले. ज्या गुरूंच्या मताला एकेकाळी विरोध करावा लागला, त्यांच्याच पुत्राबरोबर क्रोग खांद्याला खांदा लावून काम करीत होते.

१९४० साली जर्मन सैन्याने डेन्मार्क व्यापला. १९४३ साली मारी यांचे निधन झाले. ज्यांच्याबरोबर प्रत्येक प्रयोगाची चर्चा करावी, ती जीवनसाथी गेली. १९४४ साली जिवाला धोका निर्माण झाल्याने क्रोग यांना स्वीडनमध्ये आश्रय घ्यावा लागला. युद्ध संपल्यावर ते मायदेशी परतले. १९४५ साली ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले, पण त्यांचा हात थांबला नाही. बालपणीचे कीटकांचे वेड पुन्हा जागे झाले होते. टोळाला तासन्तास उडण्याची शक्ती कोठून मिळते, याचा अभ्यास ते आपल्या तरुण सहकाऱ्यासह करू लागले. कीटकाच्या शरीरात प्राणवायू रक्तातून नव्हे, तर बारीक हवानलिकांमधून थेट स्नायूंपर्यंत जातो. प्राणवायूची वाट कोठून कशी जाते, हा आयुष्यभराचा प्रश्न अखेरपर्यंत त्यांच्या सोबत होता. १३ सप्टेंबर १९४९ रोजी कोपनहेगन येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची धाकटी कन्या बोडिल हीदेखील नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ झाली. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या संघटनेची ती पहिली महिला अध्यक्ष होती.

८. समारोप

क्रोग यांच्या कामाची गोष्ट येथेच संपत नाही. सूक्ष्मदर्शक यंत्रे सुधारली आणि जिवंत स्नायूतील रक्तप्रवाह प्रत्यक्ष पाहता येऊ लागला, तेव्हा त्यांच्याही काही निष्कर्षांत दुरुस्ती करावी लागली. विश्रांतीतही स्नायूतील बहुसंख्य केशवाहिन्यांतून रक्त वाहत असते, असे नंतरच्या अनेक संशोधकांना आढळले. श्रमाच्या वेळी त्यांतील प्रवाह वाढतो आणि त्याचे नियमन प्रामुख्याने केशवाहिन्यांच्या आधी येणाऱ्या लहान धमन्या करतात. गरजेप्रमाणे पुरवठा हा क्रोग यांचा मूळ विचार टिकून राहिला. तो कसा होतो, याविषयीचे त्यांचे स्पष्टीकरण मात्र पुढच्या पिढ्यांनी बदलले.

यात क्रोग यांचा पराभव नाही. त्यांनी आपल्या गुरूंच्या मताची जी परीक्षा घेतली, तीच परीक्षा त्यांच्या मताचीही झाली. गुरूंनी शिकवलेली मोजण्याची शिस्त त्यांनी गुरूंच्याच सिद्धांताला लावली आणि तरीही गुरूंविषयीचा आदर ढळू दिला नाही.

पुढच्या वेळी चढ चढताना धाप लागेल, तेव्हा क्षणभर थांबून मनगटावरची नाडी पाहावी. आपल्या नकळत हृदय, फुप्फुसे आणि केसाहून बारीक वाटा एका स्नायूच्या मागणीसाठी एकजुटीने राबत असतात. नियमित चालण्या-फिरण्याने आणि व्यायामाने हृदय अधिक सक्षम होते. एका ठोक्यात ते अधिक रक्त पाठवू लागते आणि विश्रांतीतील ठोके कमी होतात. पूर्वी ज्या चढाला धाप लागत असे, तो चढ मग सोपा वाटू लागतो.

स्वाध्याय

१. ख्रिश्चन बोर यांचे मत आणि क्रोग यांचा निष्कर्ष यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
२. श्रम करताना हृदय आणि फुप्फुसे यांच्या कार्यात कोणते बदल होतात? पाठातील आकड्यांच्या आधारे सांगा.
३. क्रोग यांच्या संशोधनात आणि जीवनात मारी यांचे स्थान काय होते, ते स्पष्ट करा.
४. 'क्रोग यांच्या मताचीही पुढे परीक्षा झाली.' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे विशद करा.
५. स्वस्थ बसून एका मिनिटातील नाडीचे ठोके मोजा. दहा मिनिटे भराभर चालून पुन्हा मोजा. विश्रांतीनंतर ठोके पूर्ववत होण्यास किती वेळ लागला, त्याची नोंद वहीत करा.